डाव्या भुवईवरचा व्रण

लाखभर फोटो माझ्या हातून निघाले असतील आणि त्यातल्या एकाचंही बटण मी दाबलेलं नाही. बटण संगणक दाबायचा. त्याला ते दाबायला शिकवणं एवढंच माझं काम. लग्नात किंवा कंपनीच्या स्नेहमेळाव्यात एका कोपऱ्यात पडदा लावून माणसाच्या उंचीची पेटी ठेवलेली तुम्ही पाहिली असेल. समोर उभं राहायचं, स्क्रीनवर बोट टेकवायचं, तीन-दोन-एक असे आकडे उलटे पडतात, दिवा चमकतो आणि पंधरा सेकंदांत खालच्या फटीतून छापील फोटो बाहेर येतो. तो फोटो बूथ. पुण्यात तो फारसा कुणी पाहिलेला नव्हता तेव्हापासून, तो कुणाला नकोसा झाला तोपर्यंत, मी त्याचा प्रोग्राम लिहीत होतो आणि पेटीच्या मागे स्टुलावर बसत होतो.

पेटीत डोकावलात तर निराशा होईल. एक चांगला कॅमेरा, त्याच्या खाली लॅपटॉप, दोघांच्या मधे एक वायर आणि तळाशी प्रिंटर. संगणक वायरीतून कॅमेऱ्याला सांगतो, तू जे बघतो आहेस ते मला सतत दाखव. मग सांगतो, आता टिपून घे, आणि टिपलेलं माझ्याकडे पाठव. कॅमेऱ्याच्या कंपन्या प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी या हुकमांची यादी देतात. यादी वाचून वाटतं, दोन दिवसांचं काम आहे. मला दोन वर्षं लागली. कॅमेरा हा माणसाच्या हातात राहायच्या हिशेबाने बनवलेला प्राणी. कुणी हात लावला नाही की पाच मिनिटांत झोपी जातो, आणि झोपलेला कॅमेरा संगणकाला सापडत नाही. अंधाऱ्या हॉलमधे त्याला नजर स्थिर करता येत नाही, मग तो हुकूम ऐकून घेतो आणि ढिम्म राहतो. समोर नवरा-नवरी दात काढून उभे, आकडे संपलेले, आणि आत काहीच घडत नाही. पुण्यात अशा वेळी लोक ओरडत नाहीत. नारायण पेठेतले एक काका पेटीभोवती फिरून मला म्हणाले होते, "अहो, फोटोग्राफर कुठे आहेत?"

"पेटीतच आहे, काका. आपोआप निघतो फोटो."

"असं होय. मग त्यांचं जेवण झालं का विचारा. झोप लागलेली दिसते."

काका बरोबर होते. कॅमेरा झोपलाच होता.

माझा भागीदार शिरीष गिऱ्हाइकं सांभाळायचा, मी यंत्रं. नारायण पेठेत एका जिन्याखाली आमचं दहा बाय बाराचं ऑफिस होतं. नव्वदीनंतर घरोघरी संगणक शिरले तेव्हा मी तिथे संगणक दुरुस्त करायचो. नंतर नगर रस्त्याला आणि हिंजवडीला कंपन्या आल्या, त्यांचे 'फॅमिली डे', म्हणजे कौटुंबिक दिवस आले, आणि आम्हाला बरकत आली.

आता आरशाची गोष्ट. तीच सांगायला बसलो आहे.

स्क्रीनवर माणसाला स्वतःची जी छबी दिसते ती आरशासारखी दाखवावी लागते. तशी दाखवली नाही तर माणूस डावीकडे सरकायचं म्हणून उजवीकडे सरकतो आणि शेजारच्याला धडकतो. हे सगळेच बूथवाले करतात. छापताना मात्र फोटो सरळ छापायचा, जसा कॅमेऱ्याने पाहिला तसा. आम्हीही तसाच छापायचो. मग एका षष्ट्यब्दीच्या कार्यक्रमात, ज्यांची साठी होती त्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी फोटो माझ्या हातात परत दिला.

"हे मी नाही," त्या म्हणाल्या.

"बाई, तुम्हीच आहात."

"साठ वर्षं आरशात बघते आहे. माझं तोंड मला माहीत आहे. हे वाकडं आहे."

कुणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. रोज आरशात बघून आपल्याला आपला उलटा चेहरा सवयीचा झालेला असतो, आणि सरळ फोटो चमत्कारिक वाटतो. मी गंमत म्हणून बाईंचा फोटो उलटून पुन्हा छापला. त्या खूश झाल्या. "आता कसं!" म्हणाल्या आणि मैत्रिणींना घेऊन आल्या.

घरी येऊन मी प्रोग्राममधे एक ओळ वाढवली. मूळ फोटो कॅमेऱ्यातून आला तसाच साठवायचा, छापताना मात्र उलटून छापायचा. त्या दिवसापासून तक्रारी थांबल्या. लोक म्हणायचे, इतरांच्या बूथवर फोटो बरे येत नाहीत, तुमच्याकडे येतात. मला फार अभिमान वाटायचा. लोक हातात धरतात त्या 'वधूपक्ष', 'वरपक्ष', 'आम्ही जेवायला आलो' अशा पाट्याही मी उलट्या अक्षरांत रंगवून घेतल्या, म्हणजे छापल्यावर त्या सुलट दिसाव्यात. कंपनीचं नाव आणि नक्षी फोटो उलटल्यानंतर वर चढायची, म्हणून ती सरळच राहायची. फोटो उलटा आहे हे ओळखायला काही जागाच ठेवली नव्हती मी.

जागा दोन होत्या. शिरीषनेच दाखवल्या. "अरे, ह्या सगळ्या बायकांचा पदर उजव्या खांद्यावर आलाय. आणि पुरुषांच्या शर्टाचा खिसा उजवीकडे."

"कोण बघतंय खिसा?" मी म्हटलं.

खरंच कुणी बघत नव्हतं. फोटोत प्रत्येक जण आधी स्वतःला शोधतो, आणि स्वतःला तो रोज तसाच बघत असतो. शिरीष म्हणाला, निदान उलटायचं की नाही ते ठरवायला एक बटण तरी ठेव. मी ठेवलं नाही. बटण ठेवलं की माणसं ते दाबतात आणि मग फोन करतात, असं माझं त्या वेळचं तत्त्वज्ञान होतं.

वाघोलीच्या पुढे सुटे भाग बनवणारा एक कारखाना होता. त्याच्या कौटुंबिक दिवसाला आम्ही बूथ लावला होता. कामगार बहुतेक विदर्भाकडचे, नव्याने आलेले, बायकामुलांना इस्त्रीचे कपडे घालून घेऊन आलेले. अशा ठिकाणी मला बरं वाटायचं, कारण हॉटेलातल्या कार्यक्रमांत लोक बूथवर चाळे करतात आणि इथे लोक नीट, ताठ उभे राहतात. ज्या जोडप्याविषयी लिहितो आहे तेही तसंच उभं राहिलं असणार. मला ते आठवत नाहीत. मी पेटीच्या मागे होतो.

वर्षभराने ती बाई आमच्या जिन्याखालच्या ऑफिसात आली. तिशीची, सुती साडी, कपाळ मोकळं. सोबत एक म्हातारी, ती दारापाशीच्या खुर्चीत टेकली. बाईने पिशवीतून वहीच्या पानात गुंडाळलेला आमचा फोटो काढला. आम्ही प्रत्येकाला दोन प्रती द्यायचो, खाली आमचं नाव-पत्ता असायचा, त्यावरून ती शोधत आली होती.

"ह्यातला याइचा एकट्याचा मोठा करून द्या, भाऊ. भिंतीले लावाले."

वंदना तिचं नाव. नवरा गजानन. मी कार्यक्रमाचा फोल्डर शोधायला घेतला. जुन्या संगणकावर तो शोधायला वेळ लागायचा, तेवढ्यात बोलायचं म्हणून विचारलं, कसे गेले? नसतं विचारलं तर बरं झालं असतं, असं मी पुढे बरेच महिने मनात म्हणत होतो.

कारखान्याने कंत्राटी माणसं कमी केली त्यात गजाननचं नाव होतं. त्याने घरी सांगितलं नाही. रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचा आणि शहरभर काम शोधत फिरायचा. एक दिवस परत आला नाही. वंदना दोन दिवसांनी पोलीस चौकीत गेली. नवऱ्याचा अलीकडचा एकच फोटो तिच्यापाशी होता, तो आमचा. त्याची एक प्रत तिने कात्रीने मधोमध कापली आणि नवऱ्याचा अर्धा भाग हवालदाराला दिला.

"खूण विचारली त्यानं. मी म्हनलं, डाव्या भुवईवर व्रण आहे, लहानपनी विळा लागला होता. तो फोटो पाहून म्हने, बाई, उजव्या भुवईवर आहे. मी म्हनलं, नाही, डाव्या. तं त्यानं फोटो आपल्या छातीले लावला, तोंड भायेर करून, अन् बोट ठेवून दाखवलं. उजवीच येत होती."

हवालदार जाणता माणूस असला पाहिजे. फोटोतली बाजू ठरवायची तीच बिनचूक रीत आहे. "गोंधळ होतो, बाई, समोरून बघताना," असं तो समजुतीने म्हणाला आणि त्याने उजवी भुवई लिहिली.

फोल्डर उघडला होता. मी मूळ फोटो स्क्रीनवर आणला. स्क्रीनची पाठ तिच्याकडे होती.

शर्टाचा खिसा डावीकडे होता, जिथे तो असतो. व्रण डाव्या भुवईवर होता, बोटाच्या पेराएवढा, पांढरा. टेबलावर तिचा फोटो पडला होता, त्यात खिसाही उजवीकडे आणि व्रणही उजवीकडे. ती सांगतच होती.

चार दिवसांनी हवालदाराचा फोन आला होता. धायरीच्या बाजूला, हायवेवर एका अनोळखी माणसाला गाडीने उडवलं होतं. वय तेच, बांधा तोच, खिशात काही नाही. पण व्रण डाव्या भुवईवर. तेव्हा तो तुमचा नव्हे, बाई, काळजी करू नका.

"तुम्ही म्हणाला नाहीत त्याला, की मी डावीच सांगितली होती म्हणून?" मी विचारलं.

तिने मान खाली घातली. "मनात आलं होतं, भाऊ. पन फोटोत तं उजवीच होती ना. मले वाटलं, फोटो खरा असू दे. फोटो खरा असला तं हे जिते आहेत. मी देवापुढं साखर ठेवली."

दारापाशी बसलेली म्हातारी आता बोलली. सुनेकडे न बघता, माझ्याकडे बघून, जशी काही मी पंच होतो.

"नवऱ्याच्या तोंडावरली खून ठाऊक नाही हिले. बारा वर्सं नांदली. माह्या लेकाले कोनं अग्नी देल्ला तेबी मले मालूम नाही. अन् हिनं साखर वाटली."

"वाटली नाही, सासूबाई. देवापुढं ठेवली."

"एकच ते."

अनोळखी प्रेत ठरल्या मुदतीपर्यंत ठेवतात, मग पोलीसच विधी उरकतात. तसे उरकले. पुढे दीड महिन्याने कुणीतरी जपून ठेवलेल्या कपड्यांत शर्टाच्या कॉलरला शिवलेली टेलरची पट्टी पाहिली. यवतमाळकडच्या एका गावाचं नाव होतं. त्यावरून तपास उलटा फिरत वाघोलीला आला. वंदनाने शर्ट ओळखला. तेव्हा तिला सगळं कळलं, आणि सासूलाही कळलं, की सुनेने बाजू चुकीची सांगितली. हवालदार डायरीत बघून म्हणाला होता, लिहिलं उजवी आहे. सुनेने सुरुवातीला काय सांगितलं होतं ते डायरीत नव्हतं, आणि सुनेलाही ते आता छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. "मी डावी म्हनलं होतं असं मले वाटते," एवढंच ती म्हणाली, आणि तेही हळू आवाजात.

माझ्यासमोर स्क्रीनवर ती डावी भुवई होती. स्क्रीन फिरवायला एक हात पुरला असता. म्हातारी चार पावलांवर बसली होती. 'आजी, सून बरोबर होती, फोटो मी उलटा केला,' एवढं एक वाक्य. वाचणाऱ्याला वाटेल, त्यात काय एवढं? मलाही आज तसंच वाटतं. त्या वेळी मला चौकी दिसली, शिरीष दिसला, आमचं नाव छापलेले ते सगळे फोटो दिसले, आणि ह्या दोघी इथेच रडायला लागल्या तर, हेही दिसलं. भीती वाटली, सरळ सांगतो.

मी फोटो उलटला. तिच्या हातातल्या फोटोशी जुळावा म्हणून मोठा फोटोही उलटाच छापला, खिसा उजवीकडे ठेवून, आणि कागदात गुंडाळून तिला दिला. पैसे घेतले नाहीत. ती म्हणाली, "देव भलं करो तुमचं." म्हातारीने बाहेर पडताना तिचा हात धरला नाही, भिंतीला धरून गेली.

त्याच आठवड्यात मी प्रोग्राममधली ती ओळ काढली. शिरीषला कारण सांगितलं. तो म्हणाला, "आता सांगून तो माणूस परत येणार आहे का? तू वेड्यासारखा तिकडे जाऊ नकोस." मला हेच ऐकायचं होतं. मित्र असाच ऐकायला सोपा सल्ला देतात, आणि दोष नंतर त्यांना देता येतो. मी शिरीषला बरीच वर्षं दिला. तो अन्याय होता, तेही इथे लिहून टाकतो.

फोटो सरळ छापायला लागल्यावर तक्रारी पुन्हा आल्या. "पूर्वी बरे यायचे तुमचे फोटो." मी म्हणायचो, पूर्वी खोटे यायचे. लोकांना तो पुणेरी तिरकसपणा वाटायचा, ते हसायचे.

पुढे धंदा आपोआपच बसला. प्रत्येकाच्या फोनला पुढूनही कॅमेरा आला, मग पेटीपुढे रांग कोण लावतो? मी ऑफिस सोडायचं ठरवलं आणि संगणक विकायच्या आधी एकेक फोल्डर उघडून पुसायला बसलो. वाघोलीच्या फोल्डरवर आलो तेव्हा त्या दोघी येऊन गेल्याला दोन वर्षं होत आली होती. ह्या दोन वर्षांत नगर रस्त्याने जायचा प्रसंग आला की मी काहीतरी निमित्त काढून शिरीषला पाठवत होतो. पुसायचं बटण दाबायला बोट पुढे केलं आणि दाबता येईना. मूळ फोटो, खिसा डावीकडे असलेला, मोठा करून छापला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वाघोलीला गेलो.

मोठ्या फोटोचं काम लिहून घेताना तिचा पत्ता वहीत टिपला होता. नव्या इमारतींच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची ओळ, मधे सामायिक नळ. वंदना एका शाळेत मुलांच्या जेवणाचं काम करून नुकतीच आली होती. तिने ओळखलं. "या ना, भाऊ," म्हणाली, मुलाची पुस्तकं बाजूला करून सतरंजी टाकली, पाणी दिलं. समोरच्या भिंतीवर मी छापून दिलेला फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. उजवीकडचा खिसा हाराच्या आत झाकला गेला होता. भुवई मात्र दिसत होती.

मी पाणी प्यालो नाही. आधी सांगून टाकलं. आरसा, मुख्याध्यापिकाबाई, ती एक ओळ, सगळं. मला वाटत होतं तिला समजावून सांगावं लागेल. तिला पहिल्या दोन वाक्यांतच समजलं. मी आणलेला फोटो मांडीवर घेऊन तिने त्याच्या डाव्या भुवईवर बोट ठेवलं. मग तेच बोट स्वतःच्या डाव्या भुवईवर ठेवलं.

"म्हंजे मी बराबर सांगतलं होतं."

"हो. तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत तेच बरोबर होतं. चूक माझी होती. हवालदाराचीही नाही, तुमची तर नाहीच."

ती रडली नाही. तिच्या तोंडावर काहीतरी सैल झालं, आणि मला, खरं लिहितो, हायसं वाटलं. वाटलं, उशीर झाला, पण एक ओझं तिच्यावरून उतरलं. मी म्हटलं, "सासूबाई कुठे आहेत? त्यांनाही मीच सांगतो. त्यांच्यासमोरच सांगायला हवं."

"त्या गेल्या. मागच्या पोळ्याच्या आधी."

नळावर कुणीतरी बादली लावली होती, ती भरून वाहत होती. ती उठली नाही.

"शेवटी शेवटी माह्या हातचं पानीबी घेत नव्हत्या. शेजारनीच्या हातानं घेत. म्हनत, हिले माह्या लेकाचं तोंड ठाऊक नाही, हिच्या हातचं मले नको." तिने हे तक्रारीसारखं सांगितलं नाही. मग फोटोवरून नजर उचलून तिने मला विचारलं, "तुमाले कवा समजलं, भाऊ?"

खोटं बोलता आलं असतं. काल, फोल्डर पुसताना समजलं, असं म्हणता आलं असतं, आणि तिने विश्वास ठेवला असता. पण मी तिच्याशी एकदा छापून खोटं बोललो होतो.

"तुम्ही दोघी आमच्या ऑफिसात आला होतात ना," मी म्हणालो, "त्याच दिवशी."

ती माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवशीचं ऑफिस तिच्या डोळ्यांपुढे येत असावं, टेबल, स्क्रीनची पाठ, दारापाशीची खुर्ची.

"तवा सासूबाई तिथंच बसल्या होत्या," ती म्हणाली.